विषाची मोजदाद कोणी ठेवावी?

खरिपाच्या फवारणीचे दिवस जवळ आले म्हणजे औषधांच्या मात्रा, पंपाची निगा, तोंडाला बांधावयाचे फडके यांविषयीच्या सूचना आपल्या मासिकात दर वर्षी छापून येतात. त्या योग्यच आहेत व छापल्या पाहिजेत. परंतु फवारणीने कोण आजारी पडले, किती पडले, कोणत्या औषधाने पडले, आणि तेच औषध मारूनही धडधाकट राहिले असे किती, याची मोजदाद आमच्या माहितीच्या कोणत्याही गावी ठेवली जात नाही. आणि ती ठेवावी असे कोणी आग्रहाने म्हणतही नाही. आम्ही मामलेदार कचेरीत शिपाई म्हणून लागलो व कारकून म्हणून निवृत्त झालो. शिक्षण मराठी सातवीपलीकडे नाही. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांस मुळीच नाही, हे प्रथमच कबूल करतो. पण जिची नोंद नाही ती गोष्ट दप्तराच्या दृष्टीने घडलेलीच नसते, एवढे ज्ञान इतक्या वर्षांच्या नोकरीने आमच्या पदरात टाकले आहे, व त्याच आधारावर हे चार शब्द लिहीत आहोत.

नोकरीच्या अखेरीस एका तालुक्यात असताना आमच्या टेबलावर एक अर्ज आला. अर्जदार बाईचा नवरा दुसऱ्याच्या कपाशीवर रोजाने औषध मारीत असे. एका संध्याकाळी त्यास उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तिसऱ्या दिवशी तो वारला. शेतकऱ्यांसाठी सरकारने अपघात साहाय्याची जी योजना केली आहे, तीत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे. परंतु लाभ मिळावयाचा तो खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एकास. या गड्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते. 'निकषात बसत नाही' हा शेरा आमच्याच हस्ताक्षरात पडला. शेरा नियमास धरून होता. बाईने तो वाचून दाखविण्यास सांगितले, आम्ही वाचला, आणि ती काही न बोलता निघून गेली. त्या रात्री आमच्या मनात प्रश्न आला तो असा की, त्या हंगामात त्या तालुक्यात अशी माणसे आणखी किती असतील? कपाशी किती हेक्टरांवर उभी आहे हे गाव नमुना बारावरून आम्ही घटकाभरात सांगू शकलो असतो. तिजवर औषध मारणारे हात किती, हे सांगणारा कागद सबंध दप्तरात नव्हता.

अशा मोजदादीचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. नाव जरा तोकडे आहे. कारण हे शास्त्र आता पटकी-देवीपुरते राहिलेले नसून धूर, धूळ, पाणी, विष, ज्याने ज्याने म्हणून माणसांच्या समूहास अपाय होतो त्या सर्वांचा ते विचार करते. त्याचे मर्म आपण सर्वांनी शाळेत गिरविलेल्या अंकगणितातच आहे. अपूर्णांकास अंश असतो तसा छेदही असतो. दवाखान्यात फवारणी करणारे वीस जण आले, हा झाला अंश. पण औषध मारणारे एकंदर पन्नास होते की पाच हजार, हे ठाऊक नसेल तर त्या विसांवरून काहीच ठरत नाही. बरे, छेद हाती आला तरी काम भागत नाही. ज्यांनी ते औषध मारले नाही, परंतु ज्यांचे वय, खाणेपिणे व राहणी तशीच आहे, अशा लोकांतही तोच त्रास किती आढळतो हे पाहावे लागते. आजाऱ्यांची यादी करणे कोणासही सुचते. निरोग्यांची यादी करणे सहसा सुचत नाही, आणि निकाल लागतो तो तिच्यामुळे.

निवृत्तीनंतर आम्ही लालबागेत, वडिलांच्या जुन्या चाळीतील खोलीत राहतो. येथून परळची हाफकिन संस्था पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिचे नाव घेताना आम्हांस नेहमी एका तुरुंगाची आठवण होते. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. धैर्याची गोष्ट खरी. पण एक माणूस सुखरूप राहिला, एवढ्याने लस गुणकारी ठरत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे खुशीने टोचून घेणारे कैदी व टोचून न घेणारे कैदी असे दोन भाग पडले. भिंत एक, अन्न एक, हवा एक. दोन्हीकडील आजारी व मृत मोजण्यात आले, आणि टोचलेल्यांत रोग पुष्कळच कमी दिसला. लशीची साक्ष हाफकिनसाहेबांच्या दंडाने दिली नाही. तुरुंगाच्या हजेरीपटाने दिली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, ती अद्याप तेथेच आहे.

हे झाले जंतूंचे. हवेतील विषाचे उदाहरण तर आमच्या दारातलेच आहे. आमच्या लहानपणी सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या धोतरावर दुपारपर्यंत काजळीचे कण बसत, आणि आई ते झटकून पुन्हा पाण्यातून काढी. खोकला चाळीतील प्रत्येक बिऱ्हाडात होता. तो कोणी बिडीचा म्हणे, कोणी दमट हवेचा, कोणी नशिबाचा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी या म्हणण्यांवर न विसंबता घरोघर माणसे तपासली. हवेतील गंधकाच्या वायूचे मान पाहून त्यांनी मुंबईचे जास्त, मध्यम व कमी दूषित असे तीन विभाग धरले: लालबाग, चेंबूर आणि खार. त्यांच्या जोडीस शहराबाहेरील एक ग्रामीण भागही घेतला. चार हजारांहून अधिक माणसांची ही पाहणी होती, व तिचे पहिले निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. दम लागण्याची तक्रार जास्त दूषित विभागात शेकडा ७.३, मध्यम विभागात ६.० आणि कमी दूषित विभागात ३.२ आढळली. जुना खोकला त्याच क्रमाने शेकडा ५.१, २.७ व १.७ होता. बिडी खारमध्येही ओढली जाते व दमट हवा तेथेही आहे. मग खोकल्याने अशी पायरीपायरीने उतरण का धरावी? चाळीतील वादाला या तीन आकड्यांनी जे उत्तर दिले, ते शंभर रोगी स्वतंत्रपणे तपासूनही मिळाले नसते.

आपल्या वाचकांनी खरे लक्ष द्यावे ते चौथ्या रकान्याकडे. खेड्याची हवा म्हणजे अमृत, असा आपणा सर्वांचा समज. त्या ग्रामीण भागात दम लागण्याचे प्रमाण शेकडा ५.५ निघाले, म्हणजे खारपेक्षा जास्त; आणि श्वासनलिकांच्या जुन्या दाहाचे प्रमाण शेकडा ५ निघाले, तर सर्वांत दूषित विभागात ते ४.५ होते. गिरणीची चिमणी नसलेल्या गावाची छातीही धड नव्हती. ओल्या लाकडाच्या चुलीचा धूर खणभर स्वयंपाकघरात कोंडतो व तो जन्मभर छातीत जातो, हे कारण आज सर्वमान्य आहे. पण तो चौथा रकाना आखलाच नसता, तर खेड्यातील खोकल्याकडे कोण वळून पाहणार होते?

आमचे वडील कार्डिंग खात्यात होते. रविवारची सुटी होऊन सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून येई. मंगळवार-बुधवारी बरे वाटे. आळशी माणसास सोमवार जड जातो, अशी थट्टा होई. लँकेशायरमध्ये शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात गिरणी कामगारांस हाच साधा प्रश्न विचारून उत्तरे मोजली: सोमवारी छाती आवळते काय? कापसाच्या धुळीच्या खात्यांत 'होय' म्हणणारे इतके निघाले की थट्टेचा तो विषय रोग ठरला. त्यास बिसिनोसिस म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांतूनही त्याचा तपास झाला, आणि नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात तो व्यवसायजन्य रोग म्हणून दाखल झाला. वडिलांस त्याचा उपयोग झाला नाही. ते तोवर गावी परतले होते. येथेच मोजणाऱ्याची एक मोठी फसगत होण्याचा संभव असतो. ज्यांची छाती अगदीच बिघडली ते गिरणी सोडून कोकणात गेले. यंत्रापाशी टिकून राहिलेलेच मोजले, तर कापसाची धूळ बाधत नाही असे अनुमान निघावयाचे. फवारणीचेही तसेच आहे. ज्यास ते सोसत नाही तो दोन हंगामांत पंप खाली ठेवतो, आणि मग गावकरी म्हणतात, 'आमच्याकडे तर कोणासच काही होत नाही.'

लालबागेच्या गिरण्यांत जो कापूस पिंजला जाई त्यातील पुष्कळसा वऱ्हाडातून येत असे. त्याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या पावसाळ्यात काय झाले ते वाचकांस स्मरत असेल. कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे त्या एका जिल्ह्यात दगावली व शेकडो रुग्णालयात दाखल झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीस साठ दिवसांची मनाई झाली. मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट, आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन व फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही दोन मिश्रणे. तोवर हंगाम बहुतेक सरला होता.

त्या वेळी दोन पक्षांत मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, दोष गड्यांचा. हातमोजे नाहीत, वाऱ्याच्या तोंडी फवारतात, तीन औषधे एकत्र कालवितात. दुसरा म्हणे, दोष औषधाचा. आम्ही दोन्हीकडील लिखाण लक्षपूर्वक वाचले. मृतांचे व रुग्णांचे आकडे दोन्हीकडे होते. औषध मारूनही घरी धड परतलेल्यांचा आकडा कोठेच आमच्या दृष्टीस पडला नाही. तो असता तर हा वाद इतका लांबता ना. दोष केवळ निष्काळजीपणाचा असेल, तर उघड्या हातांनी कोणतेही औषध मारणाऱ्यांत त्रास सारखाच दिसावा. एकाच औषधाच्या वाट्यास तो अधिक येत असेल, आणि मोजे घालणाऱ्यांतही त्याच औषधाने येत असेल, तर बोट कोणाकडे जाते ते निराळे सांगावयास नको. यासाठी चार चौकटी आखाव्या लागतात: हे औषध मोज्यांसह, हे औषध मोज्यांविना, दुसरे औषध मोज्यांसह, दुसरे औषध मोज्यांविना. आमच्या कचेरीतील कोणताही उमेदवार कारकून हा तक्ता अर्ध्या तासात आखून देईल. पण त्यात भरावयास नोंदी नव्हत्या.

ज्या थोड्या नोंदी झाल्या त्यांचे मोल पाहावे. डायफेन्थियुरॉन असलेल्या एका औषधाशी संबंधित अशी ९६ प्रकरणे यवतमाळच्या पोलीस दप्तरात नोंदली गेली होती. ते औषध एका स्विस कंपनीचे. २०२० साली ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली, आणि पुढील वर्षी बासेलच्या न्यायालयात दावा गेला, तेव्हा याच दप्तराचा आधार घेण्यात आला. कंपनीने आरोप नाकारला आहे, व निवाडा करणारे आम्ही कोण? तथापि एखाद्या ठाणे अंमलदाराने घाईघाईत लिहिलेली औषधाच्या नावाची ओळ सात समुद्रांपलीकडे पुराव्यास उभी राहते, ही गोष्ट आम्हां कारकुनांच्या जातीस विसरता येणार नाही. जेथे 'अज्ञात विष' एवढेच लिहिले गेले तेथील विधवेस हा मार्गही खुंटला. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवाचे उत्पादन बंद करण्याचा केंद्र सरकारचा आदेश निघाला तो २०२३ साली. भाजीपाल्यावर ते वापरू नये असा निर्बंध २००५ पासूनच होता. मधल्या वर्षांत किती जणांस ते बाधले, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

कोकणातील काजू बागायतदारांनी कासरगोडची हकिकतही ध्यानात ठेवावी. केरळातील त्या जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर वीस वर्षांच्या वर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. मुलांत विकार दिसू लागले तेव्हा गावच्या डॉक्टरांचे म्हणणे प्रथम कोणी मनावर घेतले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने बागेखालच्या गावातील शाळकरी मुले व दूरच्या, न फवारलेल्या गावातील शाळकरी मुले अशी दोन्ही तपासली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका निबंधात बागेखालचे ११७ मुलगे व तुलनेसाठीचे ९० मुलगे आहेत. पहिल्यांच्या रक्तात एंडोसल्फानचे अंश अधिक आणि वयात येण्याची क्रिया मंदावलेली दिसली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधास देशभर मनाई केली. दूरच्या गावातील ते नव्वद मुलगे, ज्यांस काहीही झाले नव्हते, त्यांचे उपकार कासरगोडवर फार आहेत.

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते ठाऊक आहेत. काही बागायतदार बंधू म्हणतील, 'वहीत गड्याचा आजार लिहिला तर उद्या पोलीस आमच्याच दारी.' ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु आज नोंद नसताना तरी दोष कोणावर येतो? शेतकऱ्याच्याच निष्काळजीपणावर. वही त्याचाही बचाव आहे. दुसरा आक्षेप विद्वानांचा: एका गावाची संख्या इतकी लहान की तीवरून काही सिद्ध होत नाही. हे मान्य. म्हणूनच एक गाव नको, संस्थेचे सर्व सभासद हवेत, व रकाने सर्वांचे एकच हवेत. तिसरी गोष्ट आम्हीच सांगून टाकतो. ही मोजदाद समूहाचे सत्य सांगते. अमुक एक गडी अमुक औषधानेच वारला, असे ती छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टर व रक्ततपासणी हवी. सेंद्रिय फॉस्फरस जातीच्या औषधांनी रक्तातील कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य घटते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून अशी औषधे नेहमी हाताळणाऱ्या मजुरांचे हे द्रव्य हंगामापूर्वी व हंगामात तपासण्याचा नियम केला, व ते ठराविक मर्यादेखाली उतरल्यास माणसास त्या कामावरून काढून दुसरे काम देतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत मृगापूर्वी ही तपासणी व्हावी, अशी मागणी संस्थेने जरूर करावी. पण सर्वच विषे या तपासणीत सापडत नाहीत. डायफेन्थियुरॉन त्या जातीचे नव्हे. तेव्हा वहीवाचून सुटका नाही.

वही कशी असावी, तेही सांगतो. मोठे पुस्तक नको. चाळीस पानी पुरे. दिनांक, गट क्रमांक, पीक, बाटलीवरील औषधाचे नाव व बॅच क्रमांक, दुसरे काही कालविले काय, पंप हाताचा की बॅटरीचा, किती तास, मोजे व फडके होते काय, आणि दुसऱ्या दिवशी प्रकृती कशी. या शेवटच्या रकान्यात 'काही त्रास नाही' ही नोंद न चुकता झाली पाहिजे. रिकामी जागा म्हणजे त्रास नाही असे समजणारा कारकून आमच्या हाताखाली असता तर आम्ही त्यास पुन्हा लिहावयास बसविले असते. मळमळ, डोळ्यांची आग, अंधारी, घाम, हातांची थरथर, जे गड्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहावे. ज्यांनी त्या आठवड्यात पंप उचललाच नाही अशा घरातील किंवा शेजारच्या दोन माणसांची प्रकृतीही त्याच पानावर लिहावी. जो गडी गेल्या वर्षी होता व यंदा नाही, तो का नाही हे विचारावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणारी मुलगी वा मुलगा करू शकतो. हंगाम संपला की वह्या संस्थेकडे याव्यात, नावे झाकून त्यांची बेरीज व्हावी, आणि ती जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाकडे अर्थ लावण्यास द्यावी. अर्थ लावणे हे त्यांचे काम आहे; ते आपण करू नये.

नमुन्यादाखल पाच वह्यांचे रकाने आम्ही आमच्या हाताने आखले असून त्या चिटणिसांकडे पाठविल्या आहेत. त्यांत दिनांकानंतरचा दुसरा रकाना फवारणाऱ्या गड्याच्या नावाचा आहे. शेताच्या मालकाचे नाव सर्वांत शेवटी ठेवले आहे.